फातोर्ड्याला मॅच आणि मी ठाण्यात

पत्र (मार्च २०२१):

ताई,

मी मूळची मडगावची, लग्नानंतर ठाण्यात. एफसी गोवा या फुटबॉल संघाची मी २०१४ पासूनची, म्हणजे संघ जन्माला आला तेव्हापासूनची. फातोर्ड्याच्या स्टेडियमवर बाबा, काका आणि मी असे तिघं ईस्ट लोअरला, म्हणजे पूर्वेकडच्या खालच्या गॅलरीत, बसायचो. लग्नानंतरही मॅचच्या तारखा बघून माहेरी जायचे. सासूबाईंना वाटायचं, मुलीला माहेरची फार ओढ. काका गेल्या सप्टेंबरात कोविडने गेले. शेवटचं बघायलाही मिळालं नाही.

या सीझनला सगळ्या मॅचेस गोव्यातच, पण आत कुणालाच सोडत नाहीत. बाबा घरी टीव्हीवर बघतात, मी इथे मोबाईलवर, फोन चालू ठेवून. त्यांच्या केबलवर गोल आधी दिसतो. माझ्याकडे बॉल अजून मधल्या वर्तुळात असतो आणि कानात बाबांची आरोळी येते.

आता शुक्रवारी, ५ मार्चला, सेमीफायनल. फातोर्ड्यालाच. आमच्या गच्चीवरून स्टेडियमचे दिवे दिसतात. समोर मुंबई सिटी, आणि माझा नवरा मुंबई सिटीवाला! बाबा म्हणतात, "तिघांतले दोघं उरलो, तू तरी ये." भावाने हॉलमध्ये प्रोजेक्टर लावून वीस-पंचवीस जणांना बोलवायचं ठरवलंय. बाबा ६८ वर्षांचे, शुगर आहे, दोन वर्षांपूर्वी स्टेंट बसवलाय. आई फोनवर रडते, म्हणते तू येऊ नको आणि ह्या दोघांना आवर. नवरा म्हणतो, "टीव्हीवरच बघायची तर गोव्याला कशाला?" गुरुवार रात्रीचं कोकणकन्याचं तिकीट काढून ठेवलंय.

जाऊ का? आणि जरा लाजत विचारते, घरातला माणूस गेलेला असताना, आकडे पुन्हा वाढत असताना, मला एका मॅचपायी झोप लागत नाही, हे बरं आहे का? शिवाय अहमदाबादेत क्रिकेटला लोक बसवले, मग आमच्या फातोर्ड्याने काय पाप केलंय?

ईस्ट लोअरची, ठाणे

उत्तर:

आधी उत्तर देते, कारणं मागाहून. गुरुवारचं तिकीट रद्द कर.

रागावलीस तरी चालेल. पण तू ज्या शहरातून निघणार आहेस तिथली परिस्थिती बघ. फेब्रुवारीच्या मध्यापासून राज्यात रुग्ण पुन्हा वाढायला लागलेत, अमरावतीत लॉकडाऊन लागला, मुख्यमंत्र्यांनी २१ तारखेला टीव्हीवर येऊन मिरवणुका, सभा, गर्दीचे कार्यक्रम बंद केले आणि "मी जबाबदार" म्हणायला सांगितलं. त्यात तू रात्रभर डब्यात. जेवताना मास्क खाली, झोपेत मास्क कुठे जातो ते कुणालाच कळत नाही. मडगावला उतरशील तेव्हा तुला काहीही झालेलं नसेल, खोकलासुद्धा नसेल, आणि तरीही तू काहीतरी घेऊन गेलेली असू शकतेस. या आजाराची सगळी गोम तिथेच आहे. दारात उभा असणार तो ६८ वर्षांचा, शुगर आणि स्टेंट असलेला माणूस, आणि तू त्याला मिठी मारणार. मारणारच, वर्षभरानंतर कोण नाही मारणार?

बाबांना सांगण्यासारखी एक चांगली बातमी मात्र याच आठवड्यातली आहे. १ मार्चपासून साठीच्या पुढच्यांसाठी लसीकरण सुरू झालंय. सरकारी केंद्रात फुकट, खासगी रुग्णालयात २५० रुपये. नोंदणी को-विनवर. बाबांना ते जमणार नाही, तू इथून करून दे, आईचंही वय बसत असेल तर तिचंही. स्टेंट आहे म्हणजे रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू असणार. त्या बंद करायच्या नाहीत, पण टोचणाऱ्या नर्सला आधी सांगायच्या, आणि त्यांच्या हृदयाच्या डॉक्टरांना एक फोन करायचा. आता मी तुझ्या बाबांना ओळखत नसले तरी फुटबॉलवाल्या बाबांना ओळखते. ते म्हणतील, बुधवारी टोचून घेतो आणि शुक्रवारी हॉलमध्ये सगळ्यांबरोबर बसतो. तसं होत नाही. पहिल्या डोसचा उपयोग व्हायला आठवडे लागतात, दुसरा डोस चार आठवड्यांनी. शुक्रवारच्या मॅचसाठी ती लस म्हणजे राखीव बाकावरचा खेळाडूच, अजून बूटही न घातलेला.

आता भावाचा प्रोजेक्टर. मला तुझ्या प्रवासापेक्षा याची भीती जास्त वाटते. तू एकटी जाणार होतीस, इथे वीस-पंचवीस जण येणार. बंद हॉल, पंखे, दोन तास, आणि शांत बसलेली माणसं नव्हेत तर ओरडणारी. ओरडण्यातून तोंडातले थेंब जास्त बाहेर पडतात आणि दूर जातात हे आता शाळेतल्या पोरांनाही पाठ झालंय. बाबांचे मित्र म्हणजे पुन्हा साठी-सत्तरीचेच. "मॅच बघू नका" असं भावाला सांगितलंस तर तो ऐकणार नाही, आणि मी त्याच्या जागी असते तर मीही ऐकलं नसतं. त्याला सांग, प्रोजेक्टर गच्चीवर ने. मार्चमधल्या रात्री मडगावला उघड्यावर बसता येतं. गच्चीवर फक्त घरातली माणसं. त्याच्या मित्रांची टोळी दुसऱ्या कुणाच्या तरी अंगणात, बाबांपासून लांब. स्टेडियमचे दिवे गच्चीवरून दिसतात म्हणतेस, म्हणजे अख्ख्या भारतात त्या मॅचच्या इतक्या जवळ बसून ती बघणारी माणसं फार थोडी असतील. हे भावाला पटवायला मुद्दा म्हणून वापर. आईचं रडणं त्याने वर्षभर ऐकलंय, त्याच्यावर आता त्याचा परिणाम होणार नाही.

आणि भाऊ टीव्हीच्या वायरी हाताळणारच आहे तर त्याच्याकडून एक काम करून घे. तुमच्या फोनवरच्या भांडणाचं मूळ साधं आहे. अ‍ॅपवरचं चित्र केबलच्या चित्रापेक्षा मागे असतं, कधी कधी चांगलं अर्धा मिनिट. फुटबॉलमध्ये अर्ध्या मिनिटात कॉर्नर घेतला जातो, गोल होतो आणि पंच तो रद्दही करतो. पुढे असलेल्या बाबांना तू मागे ओढू शकत नाहीस, तेव्हा बाबांनाच अ‍ॅपवर आण. भावाने गच्चीवर प्रोजेक्टरला अ‍ॅप जोडायचं, तू इथे तेच अ‍ॅप लावायचं. किकऑफला फोनवर एकदा मोजून बघा कोण पुढे आहे. जो पुढे असेल त्याने दोन-चार सेकंद थांबवून मग पुन्हा चालू करायचं. एवढं करून थोडा फरक राहिला तर राहिला. नाहीतर सरळ नियम करा, खेळ चालू असताना फोन नाही, मध्यंतराला पंधरा मिनिटं आणि संपल्यावर हवा तितका वेळ. मला हा दुसरा नियम जास्त आवडतो, पण तुझे बाबा तो दहाव्या मिनिटाला मोडतील असं दिसतंय.

नवऱ्याचा प्रश्न मला वाटतं त्याने तुला चिडवायला विचारला, पण तो चांगला प्रश्न आहे. टीव्हीवरच बघायची तर गोव्याला कशाला? खरं उत्तर असं की तुला गोव्याला मॅचसाठी जायचंच नाहीये. तुला बाबांच्या शेजारी बसायचंय. काकांची जागा रिकामी असताना दुसऱ्या बाजूची जागाही रिकामी नसावी, एवढंच तुला हवंय. ते हवं असण्यात चूक काही नाही. उलट सप्टेंबरात जे झालं त्यानंतर "नंतर भेटू" या शब्दांवर तुझा विश्वास उरला नसणार, आणि मी तुला "नंतर भेट" म्हणते तेव्हा ते तुला किती पोकळ वाटत असेल याची मला कल्पना आहे. तरीही म्हणते. शुक्रवारी त्या खुर्चीत बसण्याची किंमत कदाचित काहीच लागणार नाही, आणि कदाचित अशी लागेल की पुढच्या सीझनला तिघांतली तू एकटी उरशील. बाबांचा दुसरा डोस होऊ दे, त्यानंतर आकडे बघ, आणि मग मॅच असो नसो, जा. तेव्हा त्यांना घेऊन फातोर्ड्याच्या बाहेर रॉस ऑम्लेट खायला जा. ते फुटबॉलशिवायही चांगलं लागतं.

आता फातोर्ड्याचं पाप. अहमदाबादला कसोटीला लोक बसले हे खरं, चेन्नईच्या दुसऱ्या कसोटीलाही निम्मं मैदान उघडलं होतं. पण पुण्यात याच महिन्यात होणारे एकदिवसीय सामने प्रेक्षकांविना होणार, असं परवाच जाहीर झालंय. म्हणजे हा क्रिकेट विरुद्ध फुटबॉलचा हिशोब नाही. आयएसएलचं, म्हणजे इंडियन सुपर लीगचं, तर गणितच वेगळं आहे. अकरा संघ, नोव्हेंबरच्या २० तारखेपासून मार्चपर्यंत, सगळे एकाच राज्यातल्या हॉटेलांत बंद. फातोर्डा, बांबोळीचं जीएमसी आणि वास्कोचं टिळक मैदान, या तीन मैदानांवर ११५ सामन्यांचा सीझन. एका हॉटेलात एक फट पडली असती तर सगळं कोसळलं असतं. आणखी एक गोष्ट आहे, ती तुला आवडणार नाही. समज, शुक्रवारी दारं उघडली. आत कोण आलं असतं? मुंबईच्या चाहत्यांची, वेस्ट कोस्ट ब्रिगेडची, पोरं अंधेरीहून आली असती? आत आली असती ती गोव्याच्या चाहत्यांची ईस्ट लोअर आर्मी आणि तुझ्या भावाचे पंचवीस मित्र. वीस सामने कुणालाच घर नव्हतं आणि सेमीफायनलला एकट्या गोव्याला घर मिळालं, असं झालं असतं. मुंबईला ते चाललं असतं का? तुला उलट्या बाजूने चाललं असतं का? कागदावर शुक्रवारची मॅच गोव्याची "होम" आहे आणि सोमवारी ८ तारखेची बांबोळीची, सेमीफायनलची दुसरी, मॅच मुंबईची "होम". बांबोळी मुंबईचं घर! या वर्षी शब्दांना काही अर्थ उरलेला नाही, पण निदान तो सगळ्यांसाठी सारखाच उरलेला नाही.

आणि जे झालं ते मैदानावर तरी झालं. इंग्लंडमध्ये गेल्या वर्षी लीग वन, म्हणजे तिसरी श्रेणी, मधेच थांबवली आणि प्रत्येक संघाचे गुण भागिले खेळलेले सामने असं करून तक्ता लावला. पीटरबरो सहाव्या क्रमांकावर होता, म्हणजे वरच्या श्रेणीत जायच्या प्लेऑफमध्ये. भागाकारानंतर तो सातवा झाला आणि बाहेर गेला. वायकम आठवा होता, एक सामना कमी खेळलेला. तो तिसरा झाला, प्लेऑफ खेळला, वेम्बलीच्या रिकाम्या मैदानावर फायनल जिंकला आणि इतिहासात पहिल्यांदा दुसऱ्या श्रेणीत गेला. पीटरबरोच्या माणसाने आपल्या पोराला काय सांगितलं असेल? कॅल्क्युलेटरने हरलो? तुमच्या गोव्याला सेमीफायनल गाठायला हैदराबादशी ०-० करून एक गुण स्वतः कमवावा लागला, शेवटी गुण ३१ विरुद्ध २९. आपल्या पायांनी आत आलात.

हो, मला एक सांगायला हवं. मी मुंबईच्या कूपरेज मैदानावर महिंद्रा युनायटेडच्या मॅचेस बघत मोठी झाले. २०१० नंतर तो संघच उरला नाही, त्यामुळे आयएसएलमध्ये मी कुणाचीच नाही. म्हणून तुझ्या मॅचबद्दल जे बोलते ते कुणाची बाजू न घेता.

तुला झोप का लागत नाही हे मला समजतं. ही साधी सेमीफायनल नाहीच. गेल्या वर्षी जानेवारीच्या शेवटी प्रशिक्षक लोबेराला गोव्याने काढलं तेव्हा संघ तक्त्यात वर होता. तो मुंबईला आला, आणि मागोमाग गोव्याचेच खेळाडू जाहू, बुमू, फॉल आले. मंदार राव देसाई आला, जो तुमचा कर्णधार होता, आयएसएलमध्ये शंभर सामने पूर्ण करणारा पहिला खेळाडू, गोव्याचाच मुलगा. रोलिन बोर्जेसही गोव्याचा, तोही निळ्या शर्टात. शुक्रवारी तू बघणार आहेस ती मॅच तुमच्याच जुन्या अंगणातल्या माणसांशी आहे. नवऱ्याला याची मजा वाटत असेल. वाटू दे. २०१५ मध्ये फातोर्ड्याला मुंबई ०-७ हरली होती आणि २०१९ च्या सेमीफायनलला गोव्याने मुंबईत येऊन पाच गोल घातले होते, त्याच्याकडेही साठलेलं बरंच आहे.

तू विचारलं नाहीस, पण सांगते, गोव्याला संधी आहे. मुंबईचे ४० गुण आहेत, पहिला क्रमांक आहे, गोलही त्यांनीच सर्वांत जास्त केलेत. पण फेब्रुवारीत बंगळुरूने त्यांना हरवलं, जमशेदपूरने हरवलं. गोवा मात्र सलग तेरा सामने हरलेला नाही. तुझा नवरा म्हणेल, त्यातले किती जिंकले? बरोबर आहे, वीसपैकी दहा बरोबरीत सुटलेत, इतक्या बरोबऱ्या बघून माणसाला जांभया यायला हव्यात. पण दोन सामन्यांच्या लढतीत न हरणं हीच निम्मी कला असते. आपसातल्या दोन सामन्यांपैकी नोव्हेंबरातला मुंबईने अगदी शेवटी मिळालेल्या पेनल्टीवर १-० घेतला, आणि ८ फेब्रुवारीचा तू विसरणं शक्य नाही, ३-३, इशान पंडिताचा गोल भरपाई वेळेत. तुमच्या प्रशिक्षक फेरांडोचा संघ शेवटच्या शिट्टीपर्यंत खेळतो. तुमचा स्ट्रायकर अँगुलो ३७ वर्षांचा आहे आणि १३ गोल करून बसलाय. एकच गोष्ट मला खटकते, ती म्हणजे रिकामं फातोर्डा. गेल्या वर्षी ७ मार्चला सेमीफायनलच्या दुसऱ्या सामन्याला चेन्नईनचा संघ पहिल्या सामन्यातली ४-१ ची आघाडी घेऊन आला होता, आणि गोव्याने सुरुवातीलाच दोन गोल घातले. त्या गोलांत गॅलरीचा वाटा होता, टीव्हीवरसुद्धा ते कळत होतं. शेवटी ४-२ जिंकूनही एका गोलाने बाहेर गेलात. तू होतीस का त्या दिवशी? प्रेक्षकांसह फातोर्ड्याची ती शेवटची मॅच. आठवड्याने तिथेच फायनल झाली तेव्हा दारं बंद झालेली होती.

टीव्हीवर आता टाळ्या-आरोळ्यांचं रेकॉर्डिंग वाजवतात, त्याचा मला मनापासून राग आहे. गोल हुकला की आधीच टिपून ठेवलेला "अरेरे" येतो. आवाज बंद करून बघ, खेळाडूंना एकमेकांवर ओरडताना ऐकायची संधी गेली तरी डोकं शांत राहतं.

आता तो लाजत विचारलेला प्रश्न. घरात माणूस गेलेला असताना मॅचची काळजी करणं बरं आहे का? अगं, गेल्या वर्षभरात तू ज्या काळज्या केल्यास त्यांतल्या एकीलाही तारीख नव्हती. लस कधी येणार, नोकरी राहणार का, बाबांना होणार का, हे कधी संपणार, कशालाच नाही. ही पहिली काळजी अशी आहे की जिचा दिवस ठरलाय, वेळ ठरलीय, जिच्यात दोन संघ आहेत आणि शेवटी शिट्टी वाजते. मनाने ती पकडली यात नवल काय? बाकीच्यांवर जो जीव खाली-वर होत होता तो सगळा तिच्यावर येऊन बसलाय, म्हणून ती मॅचच्या आकारापेक्षा मोठी वाटते. यात काकांचा अपमान नाही. त्या ईस्ट लोअरच्या पायऱ्यांवर त्यांनी तुला आणखी काय शिकवलं होतं?

मला खरं तर दुसरीच गोष्ट टोचते. तू पत्रात काकांबद्दल दोन वाक्यं लिहिलीस आणि गोलच्या उशिराबद्दल त्याहून जास्त. बाबाही बहुधा तसंच करतात. "तिघांतले दोघं उरलो" हे त्यांनी मॅचच्या निमित्ताने म्हटलं, कारण दुसऱ्या कुठल्या निमित्ताने त्यांना ते म्हणता आलं नसतं. शेवटचं दर्शन झालं नाही, माणसं जमली नाहीत, बोलायचं राहून गेलं. तेव्हा मध्यंतरातल्या त्या पंधरा मिनिटांत गोव्याच्या ब्रँडनने कुठला पास चुकवला यावर सगळा वेळ घालवू नको. काका या रेफरीला काय म्हणाले असते ते बाबांना विचार. शिवी असेल तर ती पूर्ण म्हणू दे. आई शेजारी असली तरी.

आणि ब्रँडनवरून आठवलं. तो दक्षिण गोव्याचाच. सेव्हियर गामा, सेरिटन, ही सगळी गोव्याची पोरं गेले कित्येक महिने आपल्याच राज्यात हॉटेलात बंद आहेत. घर जवळ, आणि जायचं नाही. बाबा फारच हट्टाला पेटले तर त्यांना हे सांगून बघ. तुझ्या सांगण्यापेक्षा ब्रँडनचं उदाहरण त्यांना जास्त पटेल अशी मला शंका आहे.

या चार दिवसांत वाट बघण्याचं काय करायचं तेही सांगते. दर अर्ध्या तासाने मोबाईल उघडून कोण जखमी, कोण निलंबित हे शोधू नको, संघ मॅचच्या तासभर आधी जाहीर होतो, त्याआधी जे वाचशील त्यातलं निम्मं गावगप्पा. त्यापेक्षा रोज रात्री बाबांबरोबर एक जुनी मॅच लाव. ७-० लाव, नवरा घरात असताना लाव. २०१५ ची फायनल मात्र नको, तीही फातोर्ड्याचीच आणि ३-२ ने गेलेली. बाबांना शुक्रवारी रात्री झोप हवीय.

नवऱ्याचं म्हणशील तर शुक्रवारी त्याच खोलीत, त्याच पडद्यावर बघा. वेगळ्या खोल्या करू नका. फक्त मॅच चालू असताना बाबांचा फोन स्पीकरवर ठेवू नको. सासऱ्यासमोर जावयाने गोल साजरा करावा की नाही याचा निर्णय त्या बिचाऱ्याला दोन सेकंदांत घ्यावा लागेल, आणि तो चुकीचाच घेईल.

सोमवारची तयारी वेगळी. दोन सामने मिळून बरोबरी झाली तर जादा वेळ, त्यानंतर पेनल्टी, म्हणजे साडेदहा सहज वाजतील. शुगरच्या माणसाला जेवणासाठी तितकं थांबवून चालत नाही. आईला सांग, साडेसातच्या आधी पान वाढ, गोळ्या आधी दे, आणि मॅच संपल्याशिवाय जेवणार नाही असं म्हणाले तर प्रोजेक्टरची वायर तुझ्या हातात ठेव. पेनल्टीपर्यंत गेलंच तर तेवढ्यापुरते दोघांनी फोन ठेवून द्या, अ‍ॅप कितीही जुळवलेलं असलं तरी. आणि जिंकलात तर शनिवारी १३ तारखेला फायनल पुन्हा फातोर्ड्यालाच आहे. त्या आठवड्यात भाऊ पुन्हा हॉलचा विषय काढेल, तेव्हा हे उत्तर त्याला वाचून दाखव. तिकिटाचे पैसे किती कापले जातील ते आजच बघ, उद्यावर टाकलंस तर जास्त कापतील.